ग्रहाच्या वातावरणातील वायूचे रेणुवस्तुमान कसे काढतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रहावरच्या वायूचे रेणुवस्तुमान काढण्यासाठी कोणत्या गोष्टी ठाऊक असाव्या लागतात?

एकाच ठिकाणचा दाब, तापमान आणि घनता या तीन गोष्टी ठाऊक असल्या की आदर्श वायूच्या समीकरणावरून रेणुवस्तुमान काढता येते. घनतेला वायू स्थिरांकाने आणि केल्विनमधील तापमानाने गुणावे आणि त्या गुणाकाराला दाबाने भागावे. यात ग्रहाचे वस्तुमान, त्रिज्या किंवा सूर्यापासूनचे अंतर यांची गरज पडत नाही. प्रश्नपत्रिकेत हे आकडे दिलेले असले, तरी ते बहुधा दुसऱ्या उपप्रश्नासाठी असतात.

शुक्राचे उदाहरण घेऊ. त्याच्या पृष्ठभागावरचा दाब सुमारे ९२ बार, म्हणजे ९२ लाख पास्कल आहे. तापमान ७३७ केल्विन आहे आणि वायूची घनता दर घनमीटरला सुमारे ६५ किलोग्रॅम आहे. ६५ ला ८.३१४ ने गुणले की ५४०.४ येतात. त्याला ७३७ ने गुणले की गुणाकार ३ लाख ९८ हजारांच्या थोडा वर जातो आणि ९२ लाखांनी भागले की ०.०४३३ किलोग्रॅम प्रति मोल, म्हणजेच ४३.३ ग्रॅम प्रति मोल, हे उत्तर मिळते. शुक्राच्या वातावरणाचे मान्य सरासरी रेणुवस्तुमान ४३.४५ आहे. दोन ओळींच्या आकडेमोडीसाठी हा मेळ पुरेसा चांगला म्हणावा लागेल.

सेल्सिअसमधले तापमान तसेच वापरले तर?

उत्तर चुकते हे सर्वांना ठाऊक असते, पण ते किती फसवे चुकते याची कल्पना नसते. शुक्राचे तापमान ४६४ अंश सेल्सिअस आहे. हाच आकडा वरच्या समीकरणात घातला, तर उत्तर २७.३ येते. नायट्रोजनचे रेणुवस्तुमान २८ असल्यामुळे सोडवणाऱ्याला वाटते की आपण बरोबर जागी पोहोचलो आणि तो निःशंकपणे ‘वायू: नायट्रोजन’ असे लिहून मोकळा होतो. चुकीचे उत्तर अशक्य दिसले असते, तर ते लगेच सापडले असते. हे मात्र शक्य कोटीतले दिसते आणि म्हणूनच टिकून राहते.

दुसरी नेहमीची चूक स्थिरांकाची आहे. दाब पास्कलमध्ये आणि घनता किलोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये असेल, तर ८.३१४ घ्यावा. दाब ॲटमॉस्फिअरमध्ये आणि घनता ग्रॅम प्रति लिटरमध्ये असेल, तर ०.०८२१ घ्यावा. दोन्हींची सरमिसळ केली, तर उत्तर इतके विचित्र येते की ते पाहूनच चूक कळते. त्यामुळे ही चूक त्या मानाने निरुपद्रवी आहे.

मंगळाचे तक्त्यातले आकडे घातले तर उत्तर ५५ येते. असे का?

हा प्रश्न माझ्याकडे प्रथम एका विद्यार्थ्याने आणला, तेव्हा त्याची वही मी तीनदा तपासली. त्याने दाब ६३६ पास्कल, तापमान २१० केल्विन आणि घनता ०.०२० किलोग्रॅम प्रति घनमीटर घेतली होती. आकडेमोडीत कोठेही चूक नव्हती, ०.०२०, ८.३१४ आणि २१० यांचा गुणाकार ३४.९ होतो आणि त्याला ६३६ ने भागले की ०.०५४९ येते. मंगळाच्या वातावरणात ५५ रेणुवस्तुमानाचा असा कोणताही मुख्य वायू नाही.

दोष घनतेच्या आकड्यात होता. त्याच दाबाला आणि तापमानाला कार्बन डायऑक्साइडप्रधान वायूची घनता ०.०१५८ असायला हवी. अनेक तक्त्यांत ती ‘सुमारे ०.०२०’ अशी ढोबळपणे दिलेली असते. वाचणाऱ्याला ०.०२० मधले शेवटचे शून्य मोजून लिहिले आहे असे वाटते, पण प्रत्यक्षात तेथे फक्त एकच अंक विश्वासाचा असतो. घनता सव्वापट झाली, की उत्तरही सव्वापट होते. शिवाय सरासरी दाब, सरासरी तापमान आणि सरासरी घनता हे तिन्ही आकडे एकाच स्थळाचे आणि एकाच वेळेचे असतीलच असे नाही. समीकरण मात्र एका स्थळाचे आणि एका क्षणाचेच आहे.

या घनता डोळ्यांसमोर आणायच्या असतील, तर एक लिटरच्या बाटलीचा विचार करावा. ती आपल्याकडे हवेने भरली, तर आतल्या हवेचे वस्तुमान सुमारे १.२ ग्रॅम असते. शुक्रावर भरली, तर ते ६५ ग्रॅम होते आणि मंगळावर भरली, तर अवघे १६ मिलिग्रॅम, म्हणजे मिठाच्या बारीकशा चिमटीहूनही कमी.

शुक्रासाठी उत्तर ४३.३ आले. हे वस्तुमान कोणत्या वायूचे?

कोणत्याही एका वायूचे नाही. या पद्धतीने मिळते ते मिश्रणाचे सरासरी रेणुवस्तुमान असते. शुक्राच्या वातावरणात सुमारे ९६.५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि ३.५ टक्के नायट्रोजन आहे. ४४.०१ चे ९६.५ टक्के आणि २८.०१ चे ३.५ टक्के यांची बेरीज केली की बरोबर ४३.४५ येते. पृथ्वीवरच्या कोरड्या हवेचे २८.९७ हे मूल्यही असेच नायट्रोजन, ऑक्सिजन आणि आर्गॉन यांच्या बेरजेतून आलेले आहे, २८.९७ वस्तुमानाचा रेणू हवेत शोधायला गेलो तर एकही सापडणार नाही.

उलट दिशेने जाताना, म्हणजे सरासरीवरून वायू ओळखताना, फार जपून राहावे. ४४ च्या जवळचे उत्तर कार्बन डायऑक्साइडचे असू शकते, तसेच नायट्रस ऑक्साइडचे किंवा प्रोपेनचेही असू शकते, कारण तिघांचेही रेणुवस्तुमान ४४ च्या आसपास आहे. शिवाय हलक्या आणि जड वायूंची योग्य भेसळ केली, तर मधला कोणताही आकडा बनवता येतो. वायू कोणता हे वर्णपट, म्हणजे वायूने प्रकाशातले कोणते रंग शोषले याची नोंद, सांगतो. घनता फक्त त्याच्या साक्षीची उलटतपासणी करते.

येथे टक्के नेहमी रेणूंच्या संख्येचे, म्हणजे आकारमानाचे घ्यावेत, वजनाचे नव्हेत. गुरूवर दर शंभर कणांत हेलियमचे साधारण चौदा असतात. वजनाने पाहिले, तर हेलियमचा वाटा जवळजवळ चौथा हिस्सा भरतो. वजनाचे टक्के सरळ सरासरीत घातले, तर उत्तर नक्की बिघडते.

दमट हवेचे रेणुवस्तुमान कोरड्या हवेपेक्षा जास्त असते ना?

नाही, ते कमी असते. जूनमध्ये कोकणातली हवा अंगावर जड वाटते, म्हणून ती खरोखरच जड असावी असा समज सर्वत्र आहे. पाण्याच्या रेणूचे वस्तुमान १८ आहे आणि तो हवेत शिरतो तो सरासरी २९ च्या रेणूंची जागा घेऊन. ३० अंश सेल्सिअसला पूर्ण संपृक्त हवेत सुमारे ४ टक्के रेणू पाण्याचे असतात आणि सरासरी रेणुवस्तुमान २८.९७ वरून २८.५ पर्यंत उतरते. जडपणा वाटतो तो घाम वाळत नाही म्हणून.

ग्रहावर यान न उतरवता रेणुवस्तुमान कळू शकते का?

कळू शकते, आणि बहुतेक ग्रहांच्या बाबतीत सुरुवात तशीच झाली. वर जावे तसा वातावरणाचा दाब कमी होतो. दाब मूळच्या सुमारे ३७ टक्क्यांवर येईपर्यंत जितके वर जावे लागते, त्या उंचीला स्केल हाइट म्हणतात. वायू स्थिरांक आणि तापमान यांच्या गुणाकाराला रेणुवस्तुमान आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराने भागले, की ही उंची मिळते. वायू हलका असेल किंवा तापलेला असेल, तर वातावरण वरपर्यंत पसरते; वायू जड असेल किंवा ग्रहाची ओढ जबर असेल, तर ते खाली दबून राहते.

मंगळाची स्केल हाइट सुमारे ११.१ किलोमीटर, गुरुत्वत्वरण ३.७१ आणि तापमान २१० केल्विन घेतले, तर रेणुवस्तुमान ४२.४ येते. घनतेवरून आलेल्या ५५ पेक्षा हे उत्तर कितीतरी बरे आहे आणि ते मिळवताना घनतेला हातही लावावा लागला नाही.

१९६५ च्या जुलैत मरिनर ४ हे यान मंगळामागे गेले, तेव्हा त्याचा रेडिओ संदेश पृथ्वीकडे येताना मंगळाच्या वातावरणातून गाळून आला. त्याआधी मंगळाचा दाब ८५ मिलिबारच्या आसपास असावा आणि वातावरणात मुख्यतः नायट्रोजन असावा, असे मानले जात होते. मरिनरच्या संदेशावरून दाब जेमतेम ४ ते ७ मिलिबार निघाला आणि स्केल हाइट ९ किलोमीटरच्या घरात आली. आता या ९ किलोमीटरांत नायट्रोजन बसवून पाहावा: तापमान ११२ केल्विन असावे लागते, म्हणजे मंगळासाठी अशक्य वाटावे इतके कमी. कार्बन डायऑक्साइड बसवला, तर १७७ केल्विन पुरते. दुर्बिणीतून वर्णपट पाहून कार्बन डायऑक्साइड किती आहे याचा अंदाज आधीच आलेला होता आणि आता कळलेला एकूण दाब जवळपास तेवढ्याच वायूने भरून निघत होता. नायट्रोजनसाठी जागाच उरली नाही.

मग स्केल हाइट मोजली की काम झाले, असे समजावे का?

असे समजू नये, आणि या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मला हाच वाटतो. स्केल हाइटवरून रेणुवस्तुमान मिळत नाही. तापमान आणि रेणुवस्तुमान यांचे गुणोत्तर मिळते. हे दोघे जोडीनेच येतात आणि त्यांना वेगळे करायला तिसरा साक्षीदार लागतो. शनीचा उपग्रह टायटन याच्या बाबतीत हे फार स्पष्टपणे दिसले.

टायटनवर मिथेन आहे हे जेरार्ड कायपर यांनी १९४४ मध्ये वर्णपटावरून दाखवले होते. मिथेन दिसला, म्हणजे वातावरण मिथेनचेच असेल असे समजणे स्वाभाविक होते. १२ नोव्हेंबर १९८० रोजी व्हॉयेजर १ टायटनजवळून गेले आणि त्याच्या रेडिओ संदेशाने तापमान आणि रेणुवस्तुमान यांचे गुणोत्तर दिले. सर्व वायू नायट्रोजन मानला, तर पृष्ठभागाचे तापमान ९४ केल्विन येत होते. त्याच गुणोत्तरात शुद्ध मिथेनचे १६ घातले असते, तर तापमान ५४ केल्विन आले असते. रेडिओ लहरींच्या दृष्टीने दोन्ही चित्रे सारखीच खरी होती. यानावरच्या अवरक्त उपकरणाने तापमान वेगळे मोजले आणि अतिनील उपकरणाला नायट्रोजनच्या खुणा सापडल्या, तेव्हा निवाडा नायट्रोजनच्या बाजूने लागला.

पुढचा भाग अधिक बोधक आहे. अवरक्त आणि रेडिओ मापने एकमेकांशी जुळवली, तेव्हा सरासरी रेणुवस्तुमान २८.६ च्या आसपास येऊ लागले. शुद्ध नायट्रोजन २८.० चा आहे आणि त्यात मिथेन मिसळला, तर सरासरी खाली यायला हवी. येथे ती वर जात होती. म्हणजे २८ पेक्षा जड, वर्णपटात न दिसणारा असा कोणीतरी वायू तेथे असावा आणि तो आर्गॉन असावा, बहुधा दहा-बारा टक्के असावा, असा तर्क मांडला गेला.

हा तर्क हवेतून आलेला नव्हता. १८९० च्या दशकात लॉर्ड रॅली यांनी हवेतून मिळवलेला नायट्रोजन आणि रासायनिक संयुगांतून मिळवलेला नायट्रोजन एकाच काचगोलात भरून तोलला. हवेतला २.३१ ग्रॅम भरला आणि संयुगांतला २.३० ग्रॅमच्या किंचित खाली. त्या अर्ध्या टक्क्याच्या फरकामागे लागूनच रॅली आणि विल्यम रॅम्से यांनी १८९४ मध्ये आर्गॉन शोधून काढला. नायट्रोजन वाजवीपेक्षा जड भरला, तर आर्गॉनचा संशय घ्यावा, हा धडा रसायनशास्त्राने एकदा गिरवलेला होता.

टायटनवर मात्र तो लागू पडला नाही. १४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्स हे यान टायटनवर उतरले. त्याच्या उपकरणांना नायट्रोजन आणि पृष्ठभागाजवळ सुमारे पाच टक्के मिथेन सापडला. आर्गॉन होता, पण केवळ लेशमात्र. सरासरी २७.४ च्या आसपास आली. २८.६ आणि २८.० यांतला फरक दोन टक्क्यांचा आहे आणि ९४ केल्विनवर दोन टक्के म्हणजे दोन केल्विनही नाहीत. तापमानात एवढी सूक्ष्म गफलत झाली, तरी कागदावर एक नवा वायू उभा राहतो. रॅली यांच्या काचगोलाचे तापमान त्यांच्या हातात होते. व्हॉयेजरला ते दुरून ताडावे लागत होते.

आदर्श वायूचे समीकरण ग्रहांवर खरोखर चालते का?

बहुतेक ठिकाणी चालते, पण कोठे बिघडेल याचा अंदाज मात्र हमखास चुकतो. शुक्रावर ९२ बार दाब असल्याने तेथे समीकरण कोलमडेल आणि टायटनवर जेमतेम दीड बार असल्याने तेथे ते नीट चालेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात उलटे घडते. कार्बन डायऑक्साइड ७०० केल्विनच्या पुढे इतका तापलेला असतो की रेणूंमधले आकर्षण आणि त्यांनी अडवलेली जागा यांचे परिणाम जवळजवळ एकमेकांना खोडून काढतात; त्यामुळे शुक्रावरची चूक एखाद्या टक्क्याच्या आसपास राहते. टायटनवर नायट्रोजन ९४ केल्विनला आहे, म्हणजे द्रवरूप होण्याच्या उंबरठ्यापासून फार दूर नाही. तेथे रेणू एकमेकांना ओढतात आणि खरी घनता समीकरणाच्या उत्तरापेक्षा साडेतीन टक्क्यांच्या आसपास जास्त भरते. ती दुरुस्ती न करता टायटनचे रेणुवस्तुमान काढले, तर २७.४ ऐवजी २८.४ मिळते आणि आर्गॉन पुन्हा दारात येऊन उभा राहतो.

रेणूंचा वेग दिलेला असेल तर?

वर्गमध्यमूळ वेग, म्हणजे रेणूंच्या वेगांच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ, दिला असेल, तर वायू स्थिरांक आणि तापमान यांच्या गुणाकाराच्या तिपटीला वेगाच्या वर्गाने भागावे. २८८ केल्विनला ५०६ मीटर प्रति सेकंद हा वेग दिला, तर उत्तर २८ येते. प्रश्नात ‘सरासरी वेग’ म्हटले असेल आणि तरीही हेच सूत्र वापरले, तर उत्तर १८ टक्क्यांनी फुगते आणि नायट्रोजनचा २८ चा रेणू ३३ चा दिसू लागतो. असे प्रश्न कागदावरचेच आहेत. ग्रहावर जाऊन रेणूंचा वेग थेट मोजण्याची पाळी सहसा येत नाही.

ध्वनीच्या वेगावरून रेणुवस्तुमान काढता येते का?

येते. ध्वनीच्या वेगाचा वर्ग तापमानाच्या सम प्रमाणात आणि रेणुवस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात असतो. मध्ये दोन विशिष्ट उष्णतांचे, म्हणजे स्थिर दाबाच्या आणि स्थिर आकारमानाच्या विशिष्ट उष्णतांचे, गुणोत्तर येते. पर्सिव्हिअरन्स हे रोव्हर २०२१ च्या फेब्रुवारीत मंगळावर उतरले, त्यावर ध्वनिग्राहक होता. लेसरने काही मीटरांवरच्या खडकावर ठिणगी पाडायची आणि तिचा टक् असा आवाज किती वेळाने येतो हे मोजायचे, अशी ही साधी युक्ती होती. त्यातून एक चमत्कारिक गोष्ट समोर आली: खर्जातले आवाज सेकंदाला सुमारे २४० मीटर वेगाने जातात आणि वरच्या पट्टीतले सुमारे २५० मीटर वेगाने. विरळ कार्बन डायऑक्साइडमध्ये रेणूंच्या आंतरिक कंपनांना जलद आवाजाशी जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही, म्हणून विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर बदलते. रेणुवस्तुमान काढताना हे गुणोत्तर कोणते घ्यायचे हे आवाजाच्या पट्टीवरून ठरवावे लागते. २४० केल्विन धरून आकडे घातले, तर निवडीनुसार उत्तर ४२ ते ४५ यांच्या दरम्यान कोठेही पडते. म्हणूनच प्रत्यक्षात हे मापन उलटे वापरतात: मंगळाचे रेणुवस्तुमान ठाऊक आहेच, त्यावरून हवेचे तापमान काढतात.

मास स्पेक्ट्रोमीटर असताना इतका खटाटोप कशासाठी?

मास स्पेक्ट्रोमीटर हेच सर्वांत थेट उत्तर देते, पण ते यंत्र त्या वायूत प्रत्यक्ष न्यावे लागते. २० जुलै १९७६ रोजी मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग १ च्या काळातल्या मापनांवरून कार्बन डायऑक्साइड ९५.३ टक्के, नायट्रोजन २.७ टक्के आणि आर्गॉन १.६ टक्के असे प्रमाण मिळाले. त्यांची बेरीज केली की ४३.३ येते आणि घनतेच्या ढोबळ आकड्याने घातलेला घोळ कायमचा मिटतो.

तरीही या यंत्राला स्वतःच्या अडचणी आहेतच. ते रेणूंवर इलेक्ट्रॉन आदळून त्यांना विद्युतभारित करते आणि वस्तुमानानुसार वेगळे करते. २८ या खुणेपाशी नायट्रोजन येतो, तेथेच कार्बन मोनॉक्साइड येतो, आणि कार्बन डायऑक्साइडचा रेणू यंत्रातच फुटून तयार झालेला तुकडाही तेथेच येतो. नायट्रोजन नेमका २८.००६ आणि कार्बन मोनॉक्साइड २७.९९५, एवढा बारीक भेद करणारे यंत्र यानावर नेणे सोपे नसते. मग १४ आणि १२ या खुणा पाहून तर्क करावा लागतो, कारण नायट्रोजन फुटला तर १४ वर दिसतो आणि कार्बन १२ वर. भारताच्या मंगळयानावर मेन्का नावाचे असेच उपकरण होते, तिरुअनंतपुरमच्या अवकाश भौतिकी प्रयोगशाळेत घडवलेले. मंगळाच्या अगदी वरच्या थरात त्याने ४४, २८ आणि १६ या खुणांवरचे वायू मोजले, तेव्हा २८ ची खूण नायट्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांची मिळूनच वाचावी लागली.

गुरूला पृष्ठभागच नाही. तेथे काय करतात?

पृष्ठभाग नसला, तरी दाब, तापमान आणि गुरुत्वत्वरण असतेच. २० नोव्हेंबर १९५२ रोजी गुरूने मेष राशीतल्या एका ताऱ्याचे पिधान केले, म्हणजे त्याला झाकले, तेव्हा तारा एकदम न विझता हळूहळू मंदावला. बॉम आणि कोड यांनी त्या मंदावण्यावरून स्केल हाइट ८.३ किलोमीटर काढली आणि तापमान ८६ केल्विन धरून रेणुवस्तुमान ३.३ ठरवले. गुरू हायड्रोजन आणि हेलियमचा आहे, या समजुतीला या मापनाने मोठा आधार दिला. आकडा मात्र बराच जास्त होता. ७ डिसेंबर १९९५ रोजी गॅलिलिओचे शोधयान गुरूच्या वातावरणात शिरले आणि त्याने हेलियमचे प्रमाण १३.६ टक्के मोजले, तेही वायूच्या अपवर्तनांकावरून. त्यावरून सरासरी २.३ येते. काही तक्त्यांत अजून २.२२ छापलेले दिसते. तेथे हेलियम दहा टक्के धरलेले असते.

हेलियमचा विषय निघाला, की मराठी वाचकाला विजयदुर्ग आठवतो; नॉर्मन लॉकियर यांनी १८६८ मध्ये हेलियम तेथूनच शोधला असे आपल्याकडे सांगितले जाते, म्हणून एक खुलासा. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण पिएर जान्सेन यांनी गुंटूरहून पाहिले आणि नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्येच होते. हेलियमची पिवळी रेषा त्यांनी त्याच वर्षी तेथून नोंदवली. विजयदुर्गाला ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर रॅम्से यांनी हेलियम पृथ्वीवरही शोधलेला होता.

एका ग्रहाचे रेणुवस्तुमान सर्वत्र सारखेच असते का?

खालच्या थरांत वारे वायूंना घुसळत राहतात, म्हणून तेथे ते जवळपास सारखे असते. पृथ्वीवर सुमारे १०० किलोमीटरच्या वर आणि मंगळावर साधारण १२० किलोमीटरच्या वर ही घुसळण थांबते आणि प्रत्येक वायू स्वतःच्या स्केल हाइटने वागू लागतो. जड वायू खाली राहतात, हलके वर जातात आणि सरासरी रेणुवस्तुमान उंचीबरोबर घटत जाते. पृथ्वीवर दोनशे किलोमीटरच्या पुढे एकट्या ऑक्सिजन अणूचे, म्हणजे १६ चे, प्राबल्य असते आणि त्याही वर हेलियम आणि हायड्रोजनचे. स्केल हाइट कोणत्या उंचीवर मोजली हे न सांगता रेणुवस्तुमान सांगणे म्हणूनच अपुरे ठरते.

मंगळावर ऋतूंनुसारही फरक पडतो. हिवाळ्यात ध्रुवावर कार्बन डायऑक्साइड गोठून जमिनीवर बसतो, नायट्रोजन आणि आर्गॉन हवेतच राहतात आणि त्यांचे तेथील प्रमाण वाढते. दक्षिण ध्रुवावर आर्गॉन सहापटीच्या आसपास साठल्याचे मार्स ओडिसी यानाने दाखवले. आर्गॉनही नायट्रोजनही ४४ पेक्षा हलके, त्यामुळे तेथील सरासरी हिवाळ्यात खाली येते.

दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांसाठी हे कसे करतात?

ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या वातावरणातून येतो आणि काही रंगांत ग्रह किंचित मोठा भासतो. तो किती मोठा भासतो हे स्केल हाइटवर अवलंबून असते. वॉस्प-३९ बी हा ग्रह तापमानाने ११५० केल्विनच्या आसपास आणि गुरुत्वाने दुबळा आहे. हायड्रोजनप्रधान वातावरण धरले, तर त्याची स्केल हाइट जवळजवळ हजार किलोमीटर येते. त्याचे वातावरण शुक्रासारखे असते, तर हीच उंची पन्नास किलोमीटरांवर आली असती. फुगीर वातावरणामुळेच २०२२ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीला तेथला कार्बन डायऑक्साइड इतका स्वच्छ दिसला.

जीजे १२१४ बी या २००९ मध्ये सापडलेल्या ग्रहाने मात्र अनेक वर्षे दाद दिली नाही. त्याचा वर्णपट सपाट आला. सपाट वर्णपटाचे दोन अर्थ होतात: रेणुवस्तुमान मोठे असल्याने स्केल हाइट लहान आहे, किंवा वातावरण हलके आहे पण उंचावरच्या ढगांनी सर्व झाकले आहे. २०१४ मध्ये हबल दुर्बिणीची मापने इतकी बारीक झाली, की बाष्पासारखे जड वातावरण असते तरी त्याच्या खुणा दिसायला हव्या होत्या. त्या दिसल्या नाहीत, म्हणून उंच ढग मानावेच लागले. ढगांखालचा वायू हलका की जड, हे त्या मापनावरून ठरू शकले नाही.

उत्तर किती दशांश स्थळांपर्यंत लिहावे?

दिलेल्या आकड्यांपैकी सर्वांत ढोबळ आकड्यात जितके अंक विश्वासाचे असतील तितकेच. शुक्रासाठी ६५ आणि ९२ हे दोनच अंकी आकडे वापरले होते, म्हणून काटेकोरपणे पाहिले तर ४३ एवढेच लिहिणे योग्य, ४३.३ मी वर लिहिले ते तुलनेच्या सोयीसाठी. मंगळाच्या त्या वहीतले ५५ खरे तर ‘५० च्या आसपास’ असे लिहायला हवे होते आणि तसे लिहिले असते, तर त्यात ४३ सहज बसले असते.